कुरुपाचे मूळ पायात नव्हे, पादत्राणात

पायाला कुरूप झाले की घरोघरी पहिला उपाय ठरलेला असतो. अंघोळीनंतर त्वचा मऊ झाली की दाढीचे पाते घेऊन वरचा कठीण भाग तासायचा. चार दिवस बरे वाटते. महिन्याभरात कुरूप पुन्हा त्याच जागी उभे राहते. मग 'मूळ आत राहून गेले' असा निष्कर्ष निघतो आणि ते मुळासकट काढून देणाऱ्याचा शोध सुरू होतो. वस्तुतः कुरुपाला मूळ नसतेच. ते आतून उगवत नाही, बाहेरच्या दाबामुळे घडते. दाब कायम राहिला तर ते कितीही वेळा कापले तरी परत येणार; दाब हटला तर बहुतेक वेळा शस्त्राविनाच कमी होणार. ही साधी गोष्ट ध्यानात न आल्याने अनेक जण वर्षानुवर्षे लंगडत चालतात. मधुमेहींच्या बाबतीत तर हा गैरसमज पाय गमावण्यापर्यंत नेऊ शकतो.

त्वचेचे चिलखत

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर केराटिन या प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींचा असतो. एकाच जागी वारंवार घर्षण होऊ लागले की त्वचा या पेशी अधिक वेगाने तयार करते आणि तेथे जाड थर साचतो. हाच घट्टा. तो पसरट असतो, त्याच्या कडा स्पष्ट नसतात आणि तो सहसा दुखत नाही. सतारवादकाची डाव्या हाताची बोटे, कुदळ चालवणाऱ्याचे तळहात, मांडी घालून तासन् तास काम करणाऱ्या कारागिराचे घोटे यांवर पडणारे घट्टे हे एक प्रकारचे संरक्षणच होय. ते दुखत नसतील तर त्यांना हात लावण्याचे कारण नाही.

हाच दाब हाडाच्या उंचवट्यावरील लहानशा जागी एकवटला की कुरूप तयार होते. येथे केराटिन पसरण्याऐवजी शंकूच्या आकारात आत दाबले जाते. शंकूचे टोक खालच्या संवेदनशील त्वचेवर रुतते आणि पाय टेकताच खडा टोचल्यासारखी कळ येते. 'मूळ' म्हणून जे दाखवले जाते, ते हे टोक. कठीण कुरूप बोटांच्या सांध्यांवर, करंगळीच्या बाहेरच्या बाजूस किंवा तळव्यावर होते. मऊ कुरूप बहुधा करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट यांच्या बेचकीत होते. घामामुळे ते ओलसर, पांढरट दिसते. पावसाळ्यात अनेक जण त्याला चिखल्या समजून मलम लावत राहतात आणि गुण येत नाही म्हणून हैराण होतात.

चामखीळ तर नव्हे?

तळपायाला होणारी चामखीळही पुष्कळदा कुरूप म्हणून तासली जाते. ती विषाणूमुळे होते व पसरू शकते. दोहोंतला फरक ओळखण्याच्या काही खुणा आहेत. कुरूप सरळ वरून दाबले असता अधिक दुखते, तर चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली असता. चामखिळीत बारीक काळे ठिपके दिसतात. त्या गोठलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या असतात. घट्ट्यावरून त्वचेच्या रेषा अखंड जातात, चामखिळीपाशी त्या तुटतात. शंका असल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवणे हाच सुरक्षित मार्ग.

घरी काय करता येईल?

मधुमेह नसलेल्या, पायाचा रक्तपुरवठा व संवेदना उत्तम असलेल्या व्यक्तीने कोमट पाण्यात १० ते १५ मिनिटे पाय बुडवून ठेवावेत आणि मऊ झालेला थर वज्रीने हलक्या हाताने घासावा. एकाच दिवसात सगळा काढण्याचा अट्टहास नको. दुखू लागण्यापूर्वी थांबावे. नंतर पाय कोरडे करून युरियायुक्त मलम अथवा पेट्रोलियम जेली लावावी. हा क्रम काही आठवडे चालू ठेवावा लागतो. बोटांच्या बेचकीत मात्र मलम साचू देऊ नये. ती जागा कोरडी ठेवून बोटांमध्ये स्वच्छ कापूस किंवा सिलिकॉनची मऊ पट्टी ठेवावी.

औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या 'कॉर्न कॅप'मध्ये सॅलिसिलिक आम्ल असते. ते केराटिन विरघळवते. पण निरोगी त्वचा आणि कुरूप यांत भेद करत नाही. म्हणून पट्टी नेमक्या जागीच बसवावी आणि पाकिटावर लिहिलेल्या मुदतीपेक्षा अधिक काळ ठेवू नये. बिब्ब्याचा चटका देण्याची जुनी प्रथाही अशीच धोक्याची आहे. बिब्बा उतला की फोड येऊन जखम होते आणि मूळ तक्रार बाजूला राहते. रस्त्याच्या कडेला बसून कुरूप 'मुळासकट' काढून देणाऱ्यांची अस्वच्छ हत्यारे तर जंतुसंसर्गाला उघड निमंत्रणच.

मधुमेहींसाठी धोक्याची घंटा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. मग घट्टा दुखत नाही, पण पायात खडा असावा तसा आतल्या मांसावर दाबत राहतो आणि त्याच्या खाली जखम होते. वरून सारे ठीक दिसते. घट्ट्याखाली काळसर वा लालसर डाग दिसणे, ही आत रक्तस्राव झाल्याची खूण आहे. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मधुमेहींनी, तसेच पायाचा रक्तपुरवठा मंदावलेल्यांनी पाते, कॉर्न कॅप आणि बिब्बा यांपैकी कशालाही हात लावू नये.

बधिर पायांना दाबच घात करतो, हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९४६ साली रुजू झालेले आणि पुढे कुष्ठरुग्णांवर उपचार करणारे शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले. रुग्णांच्या पायांवरील जखमा केवळ रोगामुळे नव्हे, तर वेदना न जाणवल्याने होणाऱ्या सततच्या दाबामुळे होतात, हे त्यांच्या कामातून स्पष्ट झाले. त्यातूनच मऊ, सूक्ष्मछिद्री रबराच्या तळाची चप्पल पुढे आली. 'एमसीआर' नावाने ओळखली जाणारी ही चप्पल आज मधुमेहींनाही सुचवली जाते.

चप्पल-बूट घेताना

पाय दिवसभरात किंचित सुजतो, म्हणून पादत्राणे संध्याकाळी घ्यावीत. दोन्ही पाय मोजावेत आणि मोठ्या पायाचे माप धरावे. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरली पाहिजे. एक सोपी कसोटी घरीच करता येते. कागदावर उभे राहून पायाची कड आखावी आणि त्यावर बूट ठेवावा. रेषा बुटाबाहेर दिसत असतील, तर तो बूट बोटांना चेपणारच. निमुळती टोके बोटे आवळतात. उंच टाचा शरीराचा भार चवड्यावर ढकलतात. 'वापरून सैल होईल' ही दुकानदाराची ग्वाही पायाने का सोसावी?

माप योग्य असूनही कुरूप पुन्हा होत असेल, तर वाकलेले बोट, अंगठ्याच्या बुडाशी वाढलेला उंचवटा किंवा चालण्याची ढब हे कारण असू शकते. अशा वेळी अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. बुटातील योग्य गादीने भार विभागला जातो. क्वचित हाडाची शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणूनच कुरूप दाखवायला जाताना नेहमीची पादत्राणे घालून जावे. तळ कोठे झिजला आहे आणि कातडे कोठे ताणले आहे, यावरून दाबाची जागा अनेकदा लगेच कळते.