एकच डाव: ओपनिंगपासून एंडगेमपर्यंत

२८ जुलै २०२५ ला नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बातुमी इथं कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. क्लासिकलचे दोन्ही डाव बरोबरीत, टायब्रेकचा पहिला रॅपिड डावही बरोबरीत. दुसरा तिनं काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. त्याच विजयानं ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. आणि जिंकल्या जिंकल्या ती काय म्हणाली? मला एंडगेम शिकायला हवेत. हा विजय याहून सोपा असायला हवा होता. म्हणजे जिंकलेला डावही तपासायचा असतो. तो कसा, ते आज पाहू.

ओपनिंगपासून सुरुवात करू. इथं प्रश्न एकच: दहा चालींनंतर आपल्या किती सोंगट्या कामाला लागल्या? नवशिक्यांची आवडती 'चार चालींत मात' घ्या. दोघांची ई-प्यादी दोन घरं पुढे. पांढऱ्याचा वजीर एच-५ वर, काळ्याचा घोडा सी-६ वर. पांढऱ्याचा उंट सी-४ वर येतो. आता एफ-७ वर मातेची धमकी आहे. काळा शांतपणे जी-प्यादं एक घर सरकवतो. वजीर एफ-३ ला मागे, धमकी पुन्हा तीच. काळा दुसरा घोडा एफ-६ वर आणून वाट बंद करतो. हिशेब मांडा: पांढऱ्याच्या दोन चाली वजिरातच गेल्या, काळ्याचे दोन्ही घोडे बाहेर. मात झाली नाही, वेळ मात्र गेला.

मधल्या डावात आपण मारामारीत रमतो. 'हत्तीला हत्ती, बरोबर झालं' म्हणून मोकळे होतो. पण प्रत्येक मारामारीआधी विचारायचं: सगळ्या सोंगट्या उचलल्या, तर पटावर काय उरतं? याचं उत्तर एंडगेम येत असेल तरच देता येतं.

हे पाहा. पांढरा राजा ई-५, प्यादं ई-४. काळा राजा ई-७. बाकी पट रिकामा. दोन राजे समोरासमोर, मध्ये एक घर. याला ऑपोझिशन म्हणतात. चाल काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो. काळा डी-७ ला सरकला की पांढरा एफ-६ वर घुसतो, मग काळा ई-८ आणि पांढरा ई-६. राजा प्याद्याच्या पुढे सहाव्या ओळीत पोचला, आता प्याद्याचा वजीर होणारच. पण तीच मांडणी, आणि चाल पांढऱ्याची? मग डाव बरोबरीत! पांढरा डी-५, काळा डी-७. प्यादं ई-५, काळा ई-७. प्यादं ई-६, आणि काळा सरळ मागे ई-८ ला. पांढरा डी-६, काळा डी-८. प्यादं ई-७ ला जाऊन शह, काळा ई-८. आता प्यादं सोडलं तर ते जातं, आणि राखायला राजा ई-६ ला आणला तर काळ्याला हलायला घर नाही, शहही नाही. स्टेलमेट.

बघा, सोंगट्या त्याच, घरं तीच. फरक फक्त चाल कोणाची याचा. म्हणून शेवटचा हत्ती बदलण्याआधी ही एक चाल मोजायची. चुकली तर तीन तासांची मेहनत अर्ध्या गुणावर येते.

लालबागमध्ये 'राजा' म्हटलं की डोळ्यांपुढे कोण येतो, ते सांगायला नको. तो मंडपात बसतो आणि अनंत चतुर्दशीला बाहेर निघतो. पटावरच्या राजाचंही तसंच: ओपनिंगला कॅसलिंग करून आत बसवायचा, पण वजीर गेले, पट मोकळा झाला, की त्याला बाहेर काढायचा. एंडगेममध्ये कोपऱ्यात बसलेला राजा म्हणजे एक सोंगटी कमी घेऊन खेळणं.

आता घरचा अभ्यास. डाव संपला की लगेच मोबाइलवरचं इंजिन लावू नका. आधी स्कोअरशीटवर स्वतःच्या शब्दांत लिहा: इथं मला काय वाटलं, कुठं घाबरलो, ही मारामारी का केली. इंजिन चांगली चाल दाखवतं, पण तुम्ही काय विचार केलात ते त्याला ठाऊक नसतं. मग आजची मांडणी मांडून समोरच्याशी दोन्ही बाजूंनी खेळा, एकदा चाल तुमची, एकदा त्याची. पुढच्या व्याख्यानात हत्ती आणि प्याद्याचा एंडगेम घेऊ.