एकच नाव, दोन फंक्शन्स: स्ट्रएरर_आर

सी मध्ये फाईल उघडली नाही की आपण सवयीने स्ट्रएरर(एररनो) छापतो. एररनो प्रत्येक थ्रेडचा वेगळा असतो, पण स्ट्रएररने दिलेला मजकूर तसा असेलच असं नाही. तो सामायिक बफरमध्ये ठेवायची पॉसिक्सची मुभा आहे, म्हणजे एका थ्रेडचा संदेश दुसरा थ्रेड पुसू शकतो. ग्लिबसी या सी लायब्ररीने 2020 च्या 2.32 आवृत्तीत हे सुधारलं, पण सगळीकडे ग्लिबसी नसते.

मग स्ट्रएरर_आर वापरायचं? खरी गंमत इथेच आहे! पॉसिक्सचं फंक्शन संदेश तुमच्या बफरमध्ये लिहितं आणि इंट परत देतं. जीएनयूचं मात्र कॅरेक्टर पॉइंटर देतं, आणि तुमच्या बफरला अनेकदा हातही लावत नाही. परत आलेला पॉइंटर न बघता बफर छापला, तर हाती कचरा येतो. यातलं कोणतं मिळणार हे _जीएनयू_सोर्स मॅक्रोवर ठरतं, आणि लिनक्सवर जी++ तो मॅक्रो न सांगताच लावतो. मसल या दुसऱ्या सी लायब्ररीमध्ये फक्त पॉसिक्सचा प्रकार. विंडोजवर स्ट्रएरर_एस, तिथे बफर आधी आणि एरर क्रमांक शेवटी!

माझी पसंती पॉसिक्स 2008 च्या स्ट्रएरर_एल ला. थ्रेड-सुरक्षित, आणि रूप एकच. फक्त लोकेल न्यूलोकेलने स्वतः बनवून द्या. एलसी_ग्लोबल_लोकेल दिलं तर वर्तन अनिश्चित. विंडोजसाठी छोटं वेगळं फंक्शन लिहावंच लागतं.

आणि हो, एररनो आधी स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये उतरवून घ्या. मधल्या एफक्लोजनेसुद्धा तो बदलू शकतो.