ब्राउझरची मूळ सजावट: पुसायची की सारखी करायची?

आता एका साध्या प्रश्नाकडे वळू. एचटीएमएलचं पान लिहिलं, सीएसएसची एक ओळही जोडली नाही, तरी शीर्षक मोठं आणि ठळक दिसतं, लिंक निळी दिसते, पानाच्या कडेने ८ पिक्सेल जागा सुटते. हे कोण करतं? प्रत्येक ब्राउझरजवळ स्वतःची एक स्टाइलशीट असते, ती हे करते. आपली सीएसएस तिच्यानंतर लागू होते.

अडचण अशी, की या स्टाइलशीट पूर्वी एकसारख्या नव्हत्या. यादीचंच उदाहरण घ्या. यादी आत सरकवायला जुना इंटरनेट एक्सप्लोरर मार्जिन वापरायचा, फायरफॉक्स पॅडिंग. दिसायला दोन्हीकडे सारखंच. पण आपण मार्जिन शून्य केलं, की एकीकडे यादी डाव्या कडेला जाऊन चिकटायची, दुसरीकडे जागची हलायची नाही.

यावर दोन मार्ग निघाले. पहिला रीसेट. एरिक मायर यांची २००७ ची रीसेट फाइल खूप गाजली. तिचं म्हणणं, आधी पाटी कोरी करू, मग हवं ते लिहू. दुसरा मार्ग नॉर्मलाइज, निकोलस गॅलघर आणि जोनाथन नील यांचा. त्यात उपयोगाचं तसंच राहतं, ब्राउझरांमधला फरक तेवढा मिटवला जातो.

पाटी कोरी करण्यात धोका काय? मायर यांच्या फाइलमध्ये फोकसची आउटलाइनही शून्य केलेली होती. शेजारी टीप होती, की फोकसची स्वतःची शैली लिहायला विसरू नका. अनेकांनी फाइल उचलली, टीप तेवढी राहून गेली. ज्यांना माउस धरता येत नाही, जे टॅबची कळ दाबत पुढे सरकतात, त्यांना आपण कुठल्या लिंकवर आहोत हेच दिसेना. २०११ च्या आवृत्तीत तो नियम काढून टाकला गेला.

आज मूळ शैली कशा असाव्यात हे एचटीएमएलच्या मानकातच लिहिलेलं आहे, त्यामुळे फरक बराच कमी झालाय. फॉर्ममधली बटणं, चौकटी मात्र अजून वेगवेगळ्या दिसतात. म्हणून आपली फाइल छोटी ठेवू, ती इतर सगळ्या सीएसएसच्या आधी जोडू, आणि जे पुसू त्याच्या जागी काय येणार हे त्याच वेळी लिहू. मग माउस बाजूला ठेवून टॅब दाबत पान एकदा शेवटपर्यंत बघू. आपण कुठे आहोत हे प्रत्येक थांब्यावर दिसलं पाहिजे.