बाजाराची रात्र आणि मधुमेहाची गोळी

पुणे-सोलापूर रस्त्यावरील लोणी काळभोरमध्ये दुपार कलली की मेथी, कोथिंबीर, शेपूच्या जुड्या बांधण्याची लगबग सुरू होते. पालेभाजी लवकर कोमेजते; पहाटेच्या आत गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोचली तरच शेकड्याला बरा भाव मिळतो. त्यामुळे घरातील ज्येष्ठांचे जेवण टेम्पो भरून होईपर्यंत लांबते, आणि माझी चिंता तेथूनच सुरू होते.

सत्तरी ओलांडलेल्या एका शेतकऱ्यांना पुतण्याने एका पहाटे बाजारातून थेट माझ्याकडे आणले. आजोबा असंबद्ध बोलत होते, सदरा घामाने चिंब झाला होता. जागरणाने असे झाले असावे, असे पुतण्याला वाटले होते. रक्तातील साखर निघाली ४२. रात्रीची ग्लिमेपिराइडची गोळी त्यांनी सवयीने घेतली होती. भाकरी मात्र फडक्यातच राहिली होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर ते भानावर आले, तरीही मी त्यांना रुग्णालयात पाठविले. या गोळीचा अंमल दीर्घकाळ टिकतो, त्यामुळे साखर पुन्हा उतरू शकते. उतारवयात मूत्रपिंडे मंदावली असतील तर हा धोका अधिक.

ही गोळी पोट रिकामे आहे की भरलेले, हे पाहत नाही; ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतेच. त्यात दिवसभर वाकून भाजी उपटलेली असते, आणि श्रम थांबल्यावरही स्नायू कित्येक तास साखर ओढून घेतात. इन्सुलिनचे इंजेक्शन घेणाऱ्यांनाही हाच धोका आहे. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची साखर सहसा अशी घसरत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा-ब्लॉकर, धडधड आणि थरथर झाकतात. घाम तेवढा सुटतो. पण हमाली चाललेल्या ठिकाणी घामाकडे कोण लक्ष देणार?

साखर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी आणि नंतर जेवू घालावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बाजाराच्या दिवशी गोळी वा इन्सुलिन केव्हा व किती घ्यायचे, हे आपल्या डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावे. मनाने बदल करू नये.

आजोबांची गोळी आता बदलली आहे. बाजार त्यांनी सोडलेला नाही. जुड्या मोजण्याआधी सूनबाई त्यांना ताटावर बसवतात, आणि हिशोबपट्टीच्या खिशात साखरेची पुडी असते.