विजेच्या लहरींतून राग

तुणतुण्याची तार छेडली की ती थरथरते, भोवतालची हवा हलते आणि सूर कानी येतो. नारायणगावचा तमाशा पाहणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या मुलांना हे ठाऊकच आहे. पण व्हिडिओ गेममध्ये ना तार, ना कातडे. मग तेथे सूर कोठून येतो?

तेथे विजेचा दाबच सेकंदाला शेकडो वेळा कमीजास्त होतो आणि लाउडस्पीकरचा पडदा तसाच थरथरतो. जपानच्या कोजी कोंडो यांनी १९८५ मध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळाचे संगीत अशाच चार आवाजांतून रचले. मारिओने उडी मारली, की त्यांतला एक आवाज उडीला द्यावा लागे!

त्याआधी तीन वर्षे, १९८२ मध्ये, मुंबईच्या चरणजित सिंग यांनी याच तत्त्वावर एक प्रयोग केला. ते हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवीत. त्यांनी तीन जपानी विद्युत्-वाद्ये एकत्र आणली. एक ताल देई. दुसरे खर्जातले सूर आपोआप वाजवी आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाई, जणू मींडच! तिसऱ्यावर सिंग यांनी भैरव, यमन, मालकंस असे दहा राग वाजविले.

तबकडी फारशी खपली नाही. १९८७ मध्ये शिकागोच्या तरुणांनी त्याच खर्जाच्या यंत्रातून नवे नृत्यसंगीत काढले, ते जगभर गाजले. २०१० मध्ये सिंग यांची तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा रसिक थक्क झाले. सत्तरी ओलांडल्यावर त्यांना युरोपातून बोलावणे आले. २०१५ मध्ये ते वारले.

मित्रांनो, यंत्रे बाजारात होतीच. त्यांतून राग काढायला रागांची जाण लागली. खेळांसाठी संगीत रचायचे असेल, तर विजेइतकीच तुणतुण्याचीही ओळख करून घ्या.