टंचाईच्या काळातील नोकरभरती

१९५६ पर्यंत रायपूरचा कारभार नागपूरच्या राजधानीतून चालत असे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर स्वतःच राजधानी झाले. पुढे २०१० साली तेथे भारतीय व्यवस्थापन संस्था सुरू झाली. अशा पहिल्या दोन संस्था कलकत्ता आणि अहमदाबाद येथे १९६१ सालीच निघाल्या होत्या. म्हणजे रायपूरची संस्था त्यांच्याहून जवळजवळ अर्धशतकाने धाकटी. हे धाकटेपण सुबत्तेत फारसे जाणवत नाही. नोकऱ्यांची टंचाई आली की ते जाणवू लागते.

त्याचे कारण नोकरभरतीच्या रीतीतच आहे. अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. पहिले वर्ष संपल्यावर विद्यार्थी उन्हाळ्यात एखाद्या कंपनीत उमेदवारी करतो आणि दुसऱ्या वर्षी कंपन्या संस्थेत येऊन निवड करतात. कंपनीला आपली गरज आधीच अजमावावी लागते, तर विद्यार्थ्याला त्याहूनही आधी. पेरणी एका भावावर आणि विक्री दुसऱ्याच भावावर, अशी त्याची अवस्था होते. २००७ साली ज्यांनी मोठ्या उमेदीने प्रवेश घेतला, ते २००९ साली बाहेर पडले. दरम्यान १५ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स या पेढीने दिवाळखोरी जाहीर केली होती आणि जगाचा बाजारच पालटला होता.

हात आखडता घेताना कंपनी भरती एकदम बंद करीत नाही. ती प्रथम थोड्याच संस्थांकडे जाते. आणि जेथे तिचे अधिकारी स्वतः शिकले, तेथील ओळख सहसा शेवटी सुटते. मग उमेदवारीत पारखलेल्यांनाच ती पुढे बोलावते. नव्या संस्थेचे माजी विद्यार्थी अजून अधिकाराच्या जागी पोचलेले नसतात. गुणवत्ता असूनही तिच्या दाराशी गर्दी कमी होते, ती यामुळे.

ही झळ घरापर्यंत पोचते. शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते ठरलेल्या मुदतीनंतर सुरू होतात. ते मंदी ओळखत नाहीत. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी आकडे नीट वाचावेत. पाच विद्यार्थ्यांपैकी चौघांना दहा दहा लाख आणि एकाला साठ लाख वार्षिक वेतन मिळाले, तर सरासरी वीस लाख भरते. पण वीस लाख मिळालेला त्यांत एकही नसतो! वेतने चढत्या क्रमाने मांडून मधले पाहिले, तर ते दहाच लाख निघते. यालाच मध्यक म्हणतात. सरासरीपेक्षा मध्यक विचारावा. किती जणांना नोकरी मिळाली आणि किती जणांनी ती मागितली होती, हेही विचारावे.

आणि हे आकडे तेजीच्या वर्षाचे नव्हे, तर मंदीच्या वर्षाचे मागावेत. विहिरीला झरे किती आहेत, हे श्रावणात नव्हे, वैशाखात कळते.