सुरगाण्याचा मतदारसंघ कुठे गेला?



बजाजनगरात आमच्या गल्लीत सुरगाणा तालुक्यातली चार मुले खोली करून राहतात. वाळूजला कंपनीत कामाला आहेत. त्यांतल्या एकाने परवा विचारले, "ताई, आजोबा म्हणतात आपला मतदारसंघ सुरगाणा. मग माझ्या यादीवर कळवण कसं?"

आजोबा चुकत नाहीत. 2004 च्या निवडणुकीपर्यंत सुरगाणा हा अनुसूचित जमातींसाठी राखीव असा विधानसभेचा स्वतंत्र मतदारसंघ होता. 1978 पासून तिथून बहुतेक वेळा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे जिवा पांडू गावित निवडून आले. पुढे 2001 च्या जनगणनेवरून न्या. कुलदीप सिंग यांच्या आयोगाने फेररचना केली. ती 2008 साली लागू झाली आणि सुरगाणा तालुका कळवण या राखीव मतदारसंघात गेला.

राज्यातल्या आदिवासी जागा याच फेररचनेत 22 वरून 25 झाल्या. समाजाच्या पदरात पडले, सुरगाण्याच्या हातचे गेले. दोन्ही खरे.

नकाशावर हे दोन तालुके शेजारी आहेत, पण पाणी उलट्या दिशांना वाहते. सुरगाण्याच्या नार-पार पश्चिमेला गुजरातकडे जातात; तिथे भात, नागली, वरई. कळवणची गिरणा पूर्वेला जाते. तिथे चणकापूर धरण आणि कांदा. एका आमदाराने दोघांचे गाऱ्हाणे मांडायचे, हे मला सोपे वाटत नाही. 2009 मध्ये कळवणचे ए. टी. पवार जिंकले, 2014 मध्ये गावित, 2019 मध्ये नितीन पवार. 2022 च्या अखेरीस सुरगाण्याच्या सीमेवरील काही गावांनी रस्ते-पाणी मिळत नाही म्हणून गुजरातेत जाऊ, असे म्हटले होते. त्याचे खापर फेररचनेवर फोडणार नाही. तक्रारी त्याआधीच्याही आहेत.

राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात, म्हणून जनगणनेतली नोंद मोलाची. द्राक्षबागांवर मजुरीला गेलेली कुटुंबे मोजणीतून सुटू नयेत, हे आपल्या कार्यकर्त्यांनी पाहावे. आणि अनुसूचित जमातीची नोंद धर्मावर अवलंबून नसते. ख्रिस्ती कोकणा किंवा वारली घरानेही आपली जमात बिनधास्त सांगावी.

मुलाला मी हे सगळे वहीवर नकाशा काढून दाखवले. तो पान फाडून घेऊन गेला, आजोबांना दाखवायला.